तामिळ विद्यार्थ्यांची चळवळ आणि महाराष्ट्रातील तरुण

(पनवेल तालुक्यातील कोन येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तामिळ विद्यार्थ्यांच्या संघटनांचा विषय कोनसारख्या गावी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर ठरणार नाही. त्याचे उत्तर याच गावाच्या हद्दीत उभे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये कोन येथील २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी काढण्यात आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ज्यांच्या हातचे काम गेले आणि ज्यांच्या गिरण्यांच्या जमिनीवर पुढे मनोरे चढले, त्या कामगारांच्या वाट्याला मुंबईत नव्हे, तर पनवेलच्याही पलीकडे घर आले. त्या घरांचा ताबा मिळण्यासही वर्षे गेली. मध्यंतरी कोविडच्या साथीत हीच घरे विलगीकरणासाठी वापरली गेली. या कामगारांची नातवंडे आता महाविद्यालयात जाण्याच्या वयाची आहेत. पनवेल आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली, खाजगी विद्यापीठे आली, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून येथल्या विमानतळावरून विमानेही उडू लागली. ज्या बाकावर गिरणी कामगाराची नात बसणार, त्याच बाकावर तामिळनाडू, केरळ, ओडिशा, बिहार किंवा मणिपूर येथून आलेला विद्यार्थी बसणार आहे.

अशा ठिकाणी परप्रांतातील पाचपन्नास विद्यार्थी एकत्र येऊन आपल्या भाषेचे मंडळ काढतात. त्याकडे पाहण्याच्या दोन सवयी आपल्याकडे रूढ आहेत. पहिली संशयाची: ही मंडळी येथे येऊन आपला वेगळा सवतासुभा मांडतात. दुसरी कौतुकाची, पण तीही वरवरची: मुले पोंगल साजरा करतात, नाचगाणे करतात, करू द्या. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. भाषेच्या नावाने उभी राहिलेली विद्यार्थी संघटना काय करू शकते, कोठवर जाऊ शकते आणि कोठे वाट चुकू शकते, हे भारतात तामिळ विद्यार्थ्यांइतके स्पष्टपणे कोणीच दाखविलेले नाही. त्यांच्या इतिहासात महाराष्ट्रातील तरुणाला घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि टाळण्यासारखेही आहे.

मुंबईतील आरंभ

भाषावार विद्यार्थी मंडळ ही काही दक्षिणेकडून आलेली कल्पना नव्हे. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली. प्राध्यापक पॅटन यांची तिला चालना होती. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी यांच्यासारखे तरुण तिच्यात होते. या सभेच्या मराठी आणि गुजराती अशा शाखा निघाल्या. त्यांचे नावच ज्ञानप्रसारक होते. महाविद्यालयात इंग्रजीतून मिळालेले ज्ञान ज्यांना महाविद्यालय दिसले नाही त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचविणे हे त्यांचे काम. १८४९ साली याच सभेच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि तेथे विनावेतन शिकविले. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तोही काळ हाच.

मुंबई विद्यापीठ त्यानंतर १८५७ मध्ये निघाले. म्हणजे या शहरात विद्यापीठाच्या आधी विद्यार्थ्यांची भाषामंडळे जन्माला आली. ती शिकलेल्यांनी आपसात रमण्यासाठी निघाली नव्हती, न शिकलेल्यांकडे जाण्यासाठी निघाली होती, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवली पाहिजे.

कुंभकोणमचा माठ

तामिळ विद्यार्थी संघटनेच्या वाढीचा माग काढू लागले की वाट एका पाण्याच्या माठापाशी जाऊन थांबते. १९४० च्या दशकाच्या आरंभी कुंभकोणम येथील सरकारी महाविद्यालयाच्या वसतिगृहात ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा माठ वेगळा आणि ब्राह्मणेतरांसाठी वेगळा असे. या भेदाविरुद्धच्या संतापातून १९४३ साली तेथे द्राविड विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली.

रायगड जिल्ह्यातील श्रोत्यांना या माठाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. याच जिल्ह्यातल्या महाडला १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. कुंभकोणमच्या वसतिगृहातील ब्राह्मणेतर मुलगा आणि महाडचा अस्पृश्य एकाच पायरीवर उभे नव्हते. त्या मुलाच्या खालीही आणखी माणसे होती, आणि ही गोष्ट पुढे तामिळ चळवळीला भोवली. परंतु शिक्षणाच्या दारात आल्यावरही पाणी वेगळे, हा अपमान दोन्हीकडे एकाच जातीचा होता.

त्याच सुमारास चिदंबरम येथील अण्णामलै विद्यापीठ या जागृतीचे केंद्र बनत होते. १९२९ साली स्थापन झालेले हे निवासी विद्यापीठ. गावोगावचे तरुण एकाच आवारात राहत, जेवत, वाद घालत. नेडुंचेळियन, अन्बळगन यांच्यासारखे पुढे मंत्रिपदे भूषविणारे पुढारी तेथेच शिकले. तिरुवारूरमध्ये करुणानिधींनी शाळकरी वयातच तामिळ विद्यार्थ्यांचे मंडळ काढले होते आणि हस्तलिखित पत्रही चालविले होते. वक्तृत्व, नाटक, हस्तलिखित, वाचनालय ही या मंडळांची साधने होती. इंग्रजी उत्तम येणाऱ्या उच्चवर्णीय विद्यार्थ्यापुढे जो मुलगा वर्गात तोंड उघडत नसे, तो तामिळ मंडळाच्या सभेत तासभर बोलू लागला. संघटनेच्या वाढीचे खरे बीज येथे आहे. भाषेच्या अभिमानाचा घोष नंतर आला. आधी बोलता येऊ लागल्याचा आनंद आला.

हिंदीचा प्रश्न

या मंडळांच्याही आधी भाषेचा लढा एकदा होऊन गेला होता. १९३७ साली मद्रास इलाख्यात राजगोपालाचारींचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि १९३८ मध्ये त्याने काही माध्यमिक शाळांत हिंदुस्थानी सक्तीची केली. त्याविरुद्ध पेरियार रामस्वामी आणि त्यांचे सहकारी उतरले. हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली, त्यांत स्त्रियाही होत्या. नटराजन हा दलित तरुण आणि ताळमुत्तू हा दुसरा सत्याग्रही, असे दोघे १९३९ साली बंदिवासात असताना मरण पावले. १९४० च्या फेब्रुवारीत सक्ती मागे घेण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर घटनेने देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरविले आणि इंग्रजीला १५ वर्षांची मुदत दिली. ही मुदत २६ जानेवारी १९६५ रोजी संपणार होती. पंडित नेहरूंनी १९५९ मध्ये अहिंदी प्रांतांना आश्वासन दिले होते. परंतु १९६३ च्या राजभाषा कायद्यात इंग्रजी चालू राहील असे नव्हे, तर चालू राहू शकेल असे शब्द पडले, आणि त्या एका क्रियापदावर दक्षिणेचा विश्वास उडाला. २५ जानेवारी १९६४ रोजी तिरुचीमध्ये चिन्नस्वामी या कार्यकर्त्याने स्वतःला जाळून घेतले.

१९६५ च्या जानेवारीत राज्यभरातील महाविद्यालयांच्या विद्यार्थी पुढाऱ्यांनी एक संयुक्त मंडळ बनविले. २५ जानेवारीला मदुराईच्या मिरवणुकीत चकमक झाली आणि पाहता पाहता आंदोलन गावोगाव पसरले. २७ जानेवारीला चिदंबरम येथे पोलिसांच्या गोळीने राजेंद्रन हा अण्णामलै विद्यापीठाचा विद्यार्थी ठार झाला. सुमारे दोन आठवडे राज्य पेटलेले होते. सरकारी अंदाजानेही सत्तरच्या आसपास माणसे मेली. इतरांचे अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत. केंद्रातील सी. सुब्रह्मण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. ११ फेब्रुवारी रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी आकाशवाणीवरून आश्वासन दिले. राजभाषा कायद्यात १९६७ च्या दुरुस्तीने ते आश्वासन आले: अहिंदी राज्यांची विधिमंडळे मान्यता देत नाहीत तोपर्यंत इंग्रजीही राहील. आज भारतीय संघराज्य भाषेच्या प्रश्नावर फुटलेले नाही, याचे काही श्रेय त्या विद्यार्थ्यांनाही दिले पाहिजे.

ही संघटना एवढी कशी वाढली? केवळ भाषाप्रेमाने नव्हे. कामराज मुख्यमंत्री असताना, १९५४ ते १९६३ या काळात, तामिळ खेड्यांत शाळा पोहोचल्या. १९५६ पासून शाळेत दुपारचे जेवण मिळू लागले. त्या शाळांतून शेतकरी, विणकर, कारागीर यांची पहिली शिकलेली पिढी महाविद्यालयात आली. तिच्यापुढे नोकरीचा प्रश्न होता. केंद्रीय सेवांच्या परीक्षा हिंदीतून झाल्या तर कानपूरचा मुलगा मातृभाषेत लिहिणार आणि तंजावरचा मुलगा परक्या भाषेत. वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या न पाहिलेले दार आता कुठे किलकिले झाले होते आणि ते पुन्हा लागणार, ही भीती त्या मुलांच्या मनात होती. जवळ संघटनेचा सराव होता, वसतिगृहे होती, महाविद्यालयांचे विद्यार्थी संघ होते. भाषेने या सगळ्याला एक नाव दिले.

इतिहासाचा क्रूर विनोद असा की कामराजांनी ज्या पिढीला शाळेत बसविले तिनेच त्यांना घरी बसविले. १९६७ च्या निवडणुकीत द्रमुकने २३४ पैकी १३७ जागा जिंकल्या आणि विरुदुनगरमध्ये कामराजांचा पराभव श्रीनिवासन या विद्यार्थी पुढाऱ्याने केला. २३ जानेवारी १९६८ रोजी तामिळनाडूच्या विधानसभेने त्रिभाषा सूत्र फेटाळून तामिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा शाळांत ठेवण्याचा ठराव केला.

सत्ता आल्यावर

येथवरची कथा विजयाची आहे आणि बहुतेक वक्ते ती येथेच संपवतात. समाजवादी कार्यकर्त्याने मात्र पुढचे पान उलटले पाहिजे.

२५ डिसेंबर १९६८. तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गाव. मजुरीची मागणी करणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. एका झोपडीत आश्रयाला गेलेली ४४ माणसे जळून मेली, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. मारणारे तामिळ, मरणारे तामिळ, आणि राज्य तामिळ अभिमानाच्या पक्षाचे. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदारांना निर्दोष ठरविले. ज्या भाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले, त्या भाषेत वेण्मणीच्या मजुराला तांदळाचे अर्धे माप वाढवून मागता येत नव्हते.

१९७१ मध्ये तर चक्र फिरून चिदंबरमलाच आले. मुख्यमंत्री करुणानिधींना अण्णामलै विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट देण्याचे ठरविले, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी विरोध केला. त्यांच्यावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या आणि उदयकुमार नावाच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. सहाच वर्षांपूर्वी जेथे राजेंद्रन पडला होता, तेच हे विद्यापीठ. तेव्हा सरकार दिल्लीच्या बाजूचे होते, आता चळवळीतून आलेले होते.

शिक्षणाच्या माध्यमाचेही तसेच झाले. हिंदी थोपविली गेली, परंतु पैसेवाल्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांकडे वळली, आणि दहावीपर्यंत तामिळ हा विषय शिकविलाच पाहिजे असा कायदा तामिळनाडूला २००६ साली करावा लागला. भाषेचा झेंडा विधानसभेवर चढला म्हणजे भाषा गरिबाच्या पोटापाण्याची होत नाही.

म्हणून ती चळवळ व्यर्थ गेली असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तिच्यामुळे खालच्या मानलेल्या जातींतील लाखो मुलांना शिक्षण आणि सरकारी सेवा खुल्या झाल्या. शाळेतले जेवण, आरक्षण, सार्वजनिक आरोग्य या बाबतींत तामिळनाडू अनेक राज्यांच्या पुढे गेला. परंतु भाषेची संघटना वर्गाचा आणि अस्पृश्यतेचा प्रश्न आपोआप सोडवीत नाही. त्यासाठी दुसरे हत्यार हातात धरावे लागते.

समुद्रापलीकडची वाट

तामिळ विद्यार्थ्यांची दुसरी कहाणी पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे घडली. श्रीलंकेत १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा करण्यात आले. १९७० नंतर विद्यापीठप्रवेशासाठी तामिळ विद्यार्थ्याला सिंहली विद्यार्थ्याहून अधिक गुण मिळविणे भाग पडावे, अशी प्रवेशपद्धती आली. ज्या समाजाने शिक्षणालाच शेतीवाडी मानले होते, त्याच्या तरुणांना हा घाव जिव्हारी लागला. १९७० मध्ये स्थापन झालेली तामिळ विद्यार्थ्यांची संघटना आधी निदर्शने करीत होती. सनदशीर मागणीला उत्तर तुरुंगाने मिळू लागले, तसे तिच्यातील काहीजण बंदुकीकडे वळले. १९८१ साली जाफनाचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. हजारो ग्रंथ आणि ताडपत्रे भस्म झाली. १९८३ ते २००९ पर्यंत यादवी युद्ध चालले. दरम्यान १९८७ मध्ये तामिळलाही राजभाषेचे स्थान देणारी घटनादुरुस्ती झाली. जे एकतीस वर्षांपूर्वी देता आले असते ते इतक्या रक्तानंतर दिले गेले.

भारत आणि श्रीलंका यांतील फरक तामिळ माणसाच्या स्वभावात नव्हता. मद्रासच्या विद्यार्थ्यापुढे मतपेटी होती, स्वतःचे राज्य होते, मागे हटण्याइतके शहाणपण दाखविणारे केंद्र सरकार होते. जाफनाच्या विद्यार्थ्यापुढे यांतले काही नव्हते. विद्यार्थ्यांची संघटना कोणत्या वाटेला जाईल हे तिच्या घोषणांइतकेच राज्यकर्त्यांच्या कानांवर अवलंबून असते.

महाराष्ट्राचा आरसा

आता महाराष्ट्राकडे वळू. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ हुतात्मे झाले. एस. एम. जोशी यांच्यासारखे समाजवादी त्या समितीच्या अग्रभागी होते, आणि मुंबई महाराष्ट्राची आहे हे सांगताना त्यांनी गुजराती वा दक्षिणी माणसाला शत्रू ठरविले नाही. राज्य १९६० मध्ये आले. सहाच वर्षांनी, १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेने मुंबईतील दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम उघडली. कचेरीतील कारकून आणि इडली विकणारा हॉटेलवाला मराठी तरुणाच्या बेकारीचे कारण ठरविले गेले. लुंगीवाल्यांना हटविण्याच्या घोषणा देणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांचे वडील गिरणीत होते. पंधरासोळा वर्षांनी त्या गिरण्या बंद पडू लागल्या, तेव्हा त्यांचे भोंगे कोणा तामिळ कारकुनाने बंद केले नव्हते. जमीन कोणाच्या हाती गेली हे परळ-लालबागला पाहिले की समजते, आणि कामगार कोठे गेला हे कोनला आले की समजते.

त्याच मुंबईत तिरुनेलवेलीकडून आलेल्या तामिळ दलितांनी धारावीत वस्ती केली होती. कातडे कमावण्यासारखी कामे त्यांच्या वाट्याला आली. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, कन्नड, तेलुगू आणि तामिळ अशा आठ माध्यमांतून शाळा चालवीत आली, ही या शहराची अभिमानाची गोष्ट होय. पण तामिळ माध्यमात शिकलेल्या धारावीच्या मुलीला पुढे महाविद्यालयात गेल्यावर जे एकटेपण येते, तेच बेळगावात मराठी शाळेतून निघालेल्या मुलीला कन्नड कचेरीच्या दारात येते. बेळगावचा मराठी माणूस आपल्या भाषेतून सरकारी कागद मागतो, तेव्हा महाराष्ट्र त्याच्या पाठीशी उभा राहतो आणि ते योग्यच आहे. मग धारावीतल्या मुलांनी तामिळ मंडळ काढले तर त्यात वावगे काय? एकाच न्यायाची दोन मापे ठेवून चालणार नाही.

मराठी तरुणाच्या चळवळीलाही स्वतःची वेण्मणी आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळू लागली. त्याच विभागात चारच वर्षांपूर्वी विकासासाठी विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन झाले होते. अनुशेषाच्या प्रश्नावर एक झालेले विद्यार्थी एका नावावर दुभंगले. जाळणाराची भाषा मराठी होती आणि जळणाराचीही. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

आणि २०२५ साली हिंदीच्या सक्तीचा प्रश्न महाराष्ट्राच्याच दारात आला. १६ एप्रिलच्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. १७ जूनला त्यात ‘सर्वसाधारणपणे’ असा शब्द घालून दुरुस्ती झाली. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातील किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागितली पाहिजे अशी अट आली. पालक, शिक्षक, साहित्यिक आणि विरोधी पक्ष यांच्या दबावापुढे २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. ५ जुलैला वरळीत विजयमेळावा झाला, तेव्हा तामिळनाडूचे त्या वेळचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी त्याचे जाहीर स्वागत केले. ज्यांना एकेकाळी मुंबईत लुंगीवाले म्हणून हिणविले, त्यांच्याच साठ वर्षांपूर्वीच्या लढ्याची वाट मराठी माणसाने धरली होती.

सक्तीला विरोध करणे बरोबरच होते. परंतु त्याच दिवसांत मुंबईच्या उपनगरांत मराठी न बोलणाऱ्या गरीब दुकानदाराला थोबाडीत मारण्याचे प्रकारही घडले. सक्ती दिल्लीने केली तर अन्याय आणि गल्लीत आपण केली तर अस्मिता, हे तर्कशास्त्र ज्याला पटते त्याला १९६५ चा विद्यार्थी कळला नाही. त्याचे भांडण कायद्याशी आणि सरकारशी होते. तामिळ चळवळीतही जेव्हा जेव्हा हे भान सुटले, तेव्हा तिने स्वतःचीच हानी केली.

समाजवाद्यांचे काम

या प्रश्नावर समाजवादी चळवळीचीही तपासणी झाली पाहिजे. डॉ. लोहियांनी इंग्रजी हटविण्याची हाक दिली, तेव्हा त्यांच्या मनात इंग्रजीच्या जोरावर राज्य करणारा मूठभर वर्ग होता. मद्रासमध्ये ती हाक हिंदी आणण्याची हाक म्हणून ऐकली गेली. इंग्रजी ही तेथल्या नवशिक्षित मुलाला वरिष्ठांची मक्तेदारी वाटण्याऐवजी हिंदीविरुद्धची ढाल वाटत होती. दोघांचाही शत्रू विशेषाधिकार हाच होता, पण बसून बोलणे झाले नाही आणि दरी पडली.

साने गुरुजींची रीत वेगळी होती. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते सोबतच्या बंद्यांकडून तामिळ शिकले. पुढे त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणले. आंतरभारतीची कल्पना त्यांनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली, तिच्या मागे हा तुरुंगातला अभ्यास होता. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ मध्ये प्राण पणाला लावणारा माणूसच भाषाभाषांतले दारही उघडू पाहत होता. आज त्यांचे स्मारक याच जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे आहे. पनवेल तालुक्यातच तारा येथे युसुफ मेहेरअलींच्या नावाचे केंद्र १९६१ पासूनच्या कार्याचा वारसा सांगते. मेहेरअलींनी १९२८ मध्ये मुंबईत जी युवकसंघटना बांधली तिच्यात सर्व भाषांचे तरुण सायमन कमिशनविरुद्ध रस्त्यावर आले होते. म्हणजे कोनच्या कार्यकर्त्याला वारसा शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

अलीकडचे एक उदाहरणही मननीय आहे. १४ एप्रिल २०१४ रोजी मद्रासच्या आय.आय.टी.त विद्यार्थ्यांनी आंबेडकर-पेरियार अभ्यासमंडळ स्थापन केले. २०१५ च्या मे महिन्यात एका निनावी तक्रारीनंतर त्याची मान्यता काढण्यात आली. देशभर निषेध झाला आणि जूनमध्ये ती परत द्यावी लागली. त्यानंतर मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.तही आंबेडकर, पेरियार आणि फुले यांच्या नावाने मंडळ निघाले. १९४३ साली कुंभकोणमच्या माठाने जो प्रश्न विचारला होता तोच प्रश्न हे विद्यार्थी विचारीत आहेत, पण आता महाडचे नाव त्यात आधीच आलेले आहे. भाषेची संघटना जेथे अपुरी पडली होती, तेथे तिला जोड मिळाली.

महाराष्ट्रात अशा मंडळांना आणखी एका कारणाने महत्त्व आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद केली, परंतु ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. खाजगी विद्यापीठांत तर विद्यार्थी संघाचे नावही निघत नाही. फी वाढली, वसतिगृहात जेवण खराब मिळाले, शिष्यवृत्ती अडकली, जातीवरून कोणी टोमणा मारला, तर विद्यार्थ्याने जायचे कोणाकडे? निवडून दिलेला प्रतिनिधी नाही. मग तो आपल्या भाषेच्या, जिल्ह्याच्या, जातीच्या मंडळाकडे जातो. लोकशाहीचे सार्वजनिक दार बंद केल्यावर लोक आपापल्या खिडक्यांतून बाहेर पाहू लागतात. त्यांना संकुचित म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. दार उघडण्याची मागणी केली पाहिजे. विद्यार्थी संघाच्या खुल्या, शांततामय निवडणुका ही मागणी म्हणूनच भाषेच्या प्रश्नाशी निगडित आहे.

कार्यकर्त्यांनी येथून जाताना काही साधी कामे घेऊन जावीत. आपल्या परिसरातील महाविद्यालयात तामिळ, मलयाळी, मणिपुरी किंवा हिंदी भाषिक विद्यार्थ्यांचे मंडळ असेल तर त्यांच्या कार्यक्रमाला जावे, त्यांना खोली भाड्याने मिळते की नाही याची चौकशी करावी, त्यांना मराठी शिकायची असेल तर सायंकाळचा वर्ग चालवावा. शिकविण्याला दंडुका लागत नाही, वेळ लागतो. ते मंडळ आपल्या भाषेच्या सफाई कामगाराला, बांधकामावरच्या मजुराला, दलित विद्यार्थ्याला आत घेते की नाही, हा प्रश्नही त्यांना मैत्रीने विचारावा.

आणि मराठी मंडळांना तोच प्रश्न अधिक परखडपणे विचारावा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तामिळला तो २००४ सालीच मिळाला होता. या दर्जाने कोनच्या वसाहतीतल्या मुलीला अभियांत्रिकीचे पुस्तक मराठीत मिळाले का? गावातील आदिवासी वाडीवरचा मुलगा मराठी शाळेत बसला तर त्याची बोली तेथे हसण्यावारी नेली जाते का? १८४९ साली एल्फिन्स्टनच्या मुलांनी पहाटे उठून मुलींना शिकविले, तेव्हा त्यांना कोणी अभिजाततेचे प्रमाणपत्र दिले नव्हते. या वसाहतीत एक अभ्यासिका आणि एक विनामूल्य वर्ग, जेथे गिरणी कामगाराची नात आणि शेजारच्या खोलीत राहणारा तामिळ विद्यार्थी एकमेकांना गणित आणि भाषा शिकवतील, एवढे जरी पुढच्या जूनपर्यंत उभे राहिले तरी आजची सभा कारणी लागली असे म्हणता येईल.